परवाना-परीक्षेतील परिचर्याज्ञान आणि खाडीपलीकडचा रुग्ण : एक विवेचन

प्रस्तावना

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, खाडीच्या मुखाशी मनोरी हे गाव वसलेले आहे. कोळी आणि ईस्ट इंडियन समाजाची येथील वस्ती जुनी असून मासेमारी हा गावाचा परंपरागत व्यवसाय होय. मालाडच्या मार्वे धक्क्यावरून बोटीने खाडी ओलांडली की गाव येते. हा प्रवास काही मिनिटांचाच आहे. परंतु बोट नसेल त्या वेळी गोराई, उत्तन आणि भाईंदर असा लांबचा वळसा रस्त्याने घ्यावा लागतो. कांदिवली आणि बोरिवली येथील महापालिकेची मोठी रुग्णालये खाडीच्या पलीकडे आहेत. नकाशावर किरकोळ दिसणारे हे अंतर प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात, गरोदरपणातील आकडीत किंवा सर्पदंशात किरकोळ राहत नाही. अशा वेळी रुग्णाजवळ प्रथम पोहोचणारी प्रशिक्षित व्यक्ती बहुधा परिचारिका असते, आणि पहिल्या अर्ध्या तासात तिने काय पाहिले व काय केले यावर पुढील उपचारांचे यश अवलंबून असते.

परिचारिकांच्या परवाना-परीक्षेविषयी महाविद्यालयीन वर्तुळात बरीच चर्चा होते. ती मुख्यतः परदेशातील नोकरी, शिकवणी वर्ग आणि उत्तीर्णतेचे प्रमाण यांभोवती फिरते. या परीक्षेत नेमके कोणते ज्ञान तपासले जाते, हा प्रश्न मात्र मागे पडतो. प्रस्तुत लेखात त्या ज्ञानाचे स्वरूप मनोरीसारख्या खाडीपलीकडच्या गावाची परिस्थिती समोर ठेवून स्पष्ट केले आहे. लेखातील रुग्णप्रसंग अध्यापनासाठी रचलेले आहेत. त्यांतील वैद्यकीय तपशील मात्र प्रस्थापित आहेत.

परवाना आणि परीक्षा : भारतीय पार्श्वभूमी

परिचारिकांची कायदेशीर नोंदणी ही विसाव्या शतकातील व्यवस्था आहे. न्यूझीलंडने १९०१ साली आणि ब्रिटनने १९१९ साली यासंबंधीचे कायदे केले. मुंबई प्रांतात परिचारिका, प्रसाविका व आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. पुढे १९४७ च्या केंद्रीय कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली, तर १९६६ साली महाराष्ट्राने स्वतःचा परिचारिका अधिनियम केला. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम संमत केला.

या व्यवस्थेत एक गोष्ट लक्षणीय आहे. आपल्याकडे परंपरेने शिक्षणाची अंतिम परीक्षा हीच परवान्याची पायरी मानली गेली. पदवीची परीक्षा १९९८ साली स्थापन झालेले नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते, तर पदविकेची परीक्षा राज्याच्या मंडळाकडे असते. ती उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. म्हणजेच 'विद्यार्थिनीने अभ्यासक्रम पूर्ण केला काय' आणि 'ती रुग्णाजवळ एकटी ठेवण्यास सुरक्षित आहे काय' या दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे एकाच उत्तरपत्रिकेतून काढली जातात. अमेरिकेत हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेले आहेत. पदवी महाविद्यालय देते. परवान्यासाठी मात्र 'एनक्लेक्स' या नावाने ओळखली जाणारी स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. भारतातही अलीकडे नोकरीसाठी चाळणी परीक्षा आल्या आहेत. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांमधील भरतीसाठी २०२० पासून घेतली जाणारी 'नॉरसेट' ही त्यांपैकी एक. परंतु भरतीची परीक्षा उपलब्ध जागांसाठी उमेदवारांचा क्रम लावते, परवान्याची परीक्षा सुरक्षिततेची किमान रेषा आखते. या दोहोंची गल्लत अध्यापकांकडूनही होते.

संगणक प्रश्न कसा निवडतो

एनक्लेक्स १९९४ पासून संगणकावर आणि 'अनुकूली' पद्धतीने घेतली जाते. या पद्धतीत सर्व उमेदवारांना एकच प्रश्नपत्रिका मिळत नाही. उमेदवाराने एक उत्तर दिले की संगणक तिच्या क्षमतेचा अंदाज नव्याने मांडतो आणि त्या अंदाजाच्या आसपासच्या काठिण्याचा पुढचा प्रश्न निवडतो. उत्तर बरोबर आले तर प्रश्न कठीण होतात, चुकले तर सोपे. परिणामी चांगल्या तयारीच्या उमेदवारासही सुमारे निम्मे प्रश्न चुकल्यासारखे वाटतात. त्यात गैर काही नाही. उमेदवाराची क्षमता उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे किंवा खाली आहे, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता आले की परीक्षा थांबते. एप्रिल २०२३ मध्ये लागू झालेल्या नव्या स्वरूपात किमान ८५ व कमाल १५० प्रश्न असून वेळ ५ तासांची आहे.

याच नव्या स्वरूपात एकाच रुग्णाच्या वाढत जाणाऱ्या वृत्तांतावर सलग सहा प्रश्न विचारले जातात. त्यांमागे निर्णयप्रक्रियेची एक आकृती आहे : खुणा ओळखणे, त्यांचा अर्थ लावणे, संभाव्य कारणांत प्राधान्य ठरवणे, उपाय सुचवणे, कृती करणे आणि परिणाम तपासणे. अध्यापकांना परिचित असलेली परिचर्या-प्रक्रियाच, म्हणजे आकलन, निदान, नियोजन, अंमलबजावणी व मूल्यमापन, येथे अधिक बारकाईने मांडली आहे. नवेपणा आकृतीत फारसा नाही. प्रत्येक पायरीला स्वतंत्र गुण आहेत, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट. उत्तराच्या शेवटी बरोबर औषध लिहिणारी, परंतु रुग्णाची खूण न ओळखलेली विद्यार्थिनी या पद्धतीत तग धरू शकत नाही.

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव : एका शब्दाने बदलणारे उत्तर

मनोरीत एका स्त्रीची प्रसूती होऊन चाळीस मिनिटे झाली आहेत. वार पडली आहे. पंधरा मिनिटांत दुसरे पॅड पूर्ण भिजले आहे. नाडी मिनिटाला ११२, वरचा रक्तदाब १०४. पोटावर हात ठेवला असता गर्भाशयाचा माथा बेंबीच्या वर, किंचित उजवीकडे सरकलेला आणि मऊ लागतो. परिचारिकेने प्रथम काय करावे? पर्याय असे : रक्तदाब पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणे, डॉक्टरांना कळवणे, मूत्राशय रिकामे करणे, गर्भाशयाच्या माथ्याला चोळणे.

येथे चारही कृती योग्य आहेत. चुकीचा पर्याय शोधून वगळण्याची सवय लागलेली विद्यार्थिनी म्हणूनच गोंधळते. प्रश्नातील निर्णायक शब्द 'मऊ' हा आहे. वार सुटल्यावर तिच्या जागी उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या स्नायूंच्या आकुंचनानेच दाबल्या जातात. स्नायू सैल राहिले तर रक्ताला अडवणारे दुसरे काही नसते. त्यामुळे हात प्रथम गर्भाशयावर गेला पाहिजे. तो चोळत असतानाच मदतीसाठी हाक मारायची, ऑक्सिटोसिन द्यायचे आणि मूत्राशय रिकामे करायचे. माथा उजवीकडे सरकणे ही भरलेल्या मूत्राशयाची खूण आहे, आणि भरलेले मूत्राशय गर्भाशयाला आकुंचू देत नाही. रक्तस्राव बेताचा आणि गर्भाशय घट्ट, परंतु सरकलेले असते, तर मूत्राशयाला पहिले स्थान मिळाले असते. गर्भाशय घट्ट व मध्यावर असूनही ताजे लाल रक्त वाहत असते, तर गर्भाशयमुखाची किंवा योनिमार्गाची जखम शोधावी लागली असती, आणि कितीही चोळण्याने ती भरली नसती. एकच शब्द बदलला की उत्तर बदलते, असे प्रश्न रचणे कठीण असते; परंतु निर्णयक्षमता तपासण्याचा दुसरा मार्ग नाही.

या प्रसंगातील आकड्यांकडेही पाहिले पाहिजे. १०४ हा वरचा रक्तदाब पाहून अनेक विद्यार्थिनी समाधान मानतात. तरुण व निरोगी स्त्रीचे शरीर रक्त कमी होऊ लागताच हातापायांतील रक्तवाहिन्या आकसून घेते आणि हृदयाची गती वाढवते. त्यामुळे बरेच रक्त जाईपर्यंत रक्तदाब टिकून राहतो आणि मग एकाएकी कोसळतो. नाडी आधी बोलते, रक्तदाब उशिरा. नाडीच्या आकड्याला वरच्या रक्तदाबाने भागले असता येणारा अंक प्रसूत स्त्रीत ०.९ च्या वर गेला की तो धोक्याचा इशारा मानतात. येथे तो सुमारे १.०८ आहे. हा भागाकार करण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ मधील मार्गदर्शनातही हाच विचार दिसतो : केवळ ५०० मिलिलिटर रक्त जाण्याची वाट न पाहता, ३०० मिलिलिटरपासूनच नाडी वा रक्तदाब बिघडलेला असल्यास उपचार सुरू करावेत, असे त्यात सांगितले आहे.

खाडीचा संबंध येथे येतो. रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात 'डॉक्टरांना कळवणे' हा पर्याय दोन मिनिटांत फलदायी ठरतो. मनोरीत त्या पर्यायाचा अर्थ बोट, धक्का, रुग्णवाहिका आणि पुढचा रस्ता असा होतो. म्हणून हलवण्याचा निर्णय लवकर घ्यायचा. हात मात्र गर्भाशयावरून काढायचा नाही, बोटीतही नाही. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात जपावे लागते, हा पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपणारा तपशीलही येथे वजनदार होतो. उन्हात राहिलेली कुपी दिसायला तशीच असते, गुण मात्र ओसरलेला असतो.

आकडी, मॅग्नेशियम आणि गुडघ्याचा झटका

गरोदरपणात रक्तदाब वाढून आकडी येणे हा दुसरा प्रसंग. या अवस्थेत मॅग्नेशियम सल्फेट हे पसंतीचे औषध असून, मोठ्या रुग्णालयाकडे पाठवण्यापूर्वी पहिली मात्रा म्हणून दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम, खोल स्नायूत, देण्याची पद्धत भारतात प्रशिक्षित प्रसाविकांना शिकवली जाते. परवाना-परीक्षेचा पहिला फास येथेच आहे. कुपीवर '५० टक्के' असे लिहिलेले असते. याचा अर्थ १०० मिलिलिटरमध्ये ५० ग्रॅम, म्हणजे २ मिलिलिटरच्या कुपीत १ ग्रॅम. एका कुल्ल्यासाठी पाच कुप्या, १० मिलिलिटर. एकूण दहा कुप्या. घाईत टक्क्यांचा अर्थ चुकला तर मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते. गणिताचा हा भाग अनेक शाखांच्या प्राध्यापकांना प्राथमिक वाटेल; परंतु तो रात्री, टॉर्चच्या उजेडात, आकडी येत असलेल्या रुग्णाशेजारी करायचा असतो.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. मॅग्नेशियम अधिक झाले तर ते स्नायूंना शिथिल करते आणि अखेरीस श्वास थांबवते. परंतु त्या आधी गुडघ्याचा प्रतिक्षेप, म्हणजे वाटीखालच्या स्नायुबंधावर टिचकी मारल्यावर पायाने दिलेला झटका, नाहीसा होतो. हा क्रम ठरलेला असल्याने गुडघा हा श्वासाचा आगाऊ सूचक ठरतो. म्हणून पुढची मात्रा देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहायच्या : गुडघ्याचा झटका आहे काय, श्वसनगती मिनिटाला किमान १६ आहे काय, आणि लघवी ताशी किमान ३० मिलिलिटर होते काय. लघवीचा संबंध असा की मॅग्नेशियम मूत्रपिंडांवाटेच शरीराबाहेर जाते. ती वाट बंद झाली तर योग्य मात्राही साचून विषारी होते. उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलिलिटर मात्रा शिरेतून सावकाश देतात. ती भरलेली सिरिंज प्रवासात हाताशी हवी.

'मॅग्नेशियम सल्फेटची विषलक्षणे लिहा' असा प्रश्न विचारल्यास विद्यार्थिनी ही सर्व माहिती बिनचूक लिहील. 'बोट निघाली आहे, रुग्ण पेंगते आहे, श्वसनगती १८ आहे, आता काय पाहाल?' असा प्रश्न विचारल्यास तिच्यापैकी बऱ्याच जणी रक्तदाबाकडे वळतील. माहिती तीच आहे. ती काढून घेण्याचा दरवाजा वेगळा आहे. डाव्या कुशीवर झोपवलेल्या रुग्णाच्या गुडघ्यावर हाताच्या कडेने टिचकी मारणे हे बोटीतही शक्य असते, आणि गढूळ उजेडात रक्तदाबाचा पारा वाचण्यापेक्षा ते सोपेही आहे.

जाळ्यातील साप

तिसरा प्रसंग खास किनाऱ्याचा आहे. खाडीच्या मुखाशी लावलेल्या डोल जाळ्यात मासळीबरोबर समुद्रसापही येतात. जाळे उपसताना एका मच्छीमाराच्या बोटाला काही तरी चावते. वेदना जवळजवळ नाही, सूज नाही. तो काम पुरे करून घरी येतो. दोन तासांनी अंग आखडते, हालचाल करताना स्नायू दुखतात, तोंड उघडणे कठीण होते आणि लघवी गडद तपकिरी दिसते. पर्याय : बहुगुणी प्रतिविष सुरू करणे, अवयव घट्ट बांधणे, सूज नाही म्हणून घरीच निरीक्षण करणे, अवयव स्थिर ठेवून श्वास, लघवी व हृदयगती यांवर लक्ष ठेवत कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने हलवणे.

'सर्पदंश म्हणजे प्रतिविष' हे समीकरण पाठ केलेली विद्यार्थिनी पहिला पर्याय निवडते. भारतात मिळणारे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांविरुद्ध तयार केलेले असते. समुद्रसापाचे विष त्यात समाविष्ट नाही. परिणामी लाभ नाही, आणि घोड्याच्या रक्तद्रवातून मिळवलेल्या या औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेचा धोका मात्र पत्करावा लागतो. समुद्रसापाचे विष स्नायूंचा ऱ्हास घडवते. स्नायूंतील रंगद्रव्य लघवीत उतरून ती गडद होते आणि मूत्रपिंडांना इजा करते. स्नायूंतून सुटलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकते. श्वसनाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात. म्हणून चौथा पर्याय बरोबर. लघवीचा रंग ही येथील मुख्य खूण आहे, आणि ती रुग्णाला विचारल्याशिवाय कळत नाही.

याच प्रश्नात साप जमिनीवरचा केला तर सगळे बदलते. घोणसीच्या दंशात सूज, वेदना व रक्त न गोठणे ही लक्षणे दिसतात आणि प्रतिविषाला पर्याय नसतो. त्यासाठीची 'वीस मिनिटांची चाचणी' परिचारिकाच करते : सुमारे २ मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करून पाहायची. रक्त पातळच राहिले तर विष भिनले आहे. नळी काचेचीच हवी, कारण रक्त गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. प्लॅस्टिकच्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही फसवे उत्तर देऊ शकते. साबणाच्या अंशानेही निकाल बिघडतो. मण्यारीच्या दंशात याउलट जखमेवर काहीच दिसत नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीची तक्रार करतो आणि त्याच्या पापण्या जड होऊ लागतात; हे चित्र ओळखता न आल्यास रुग्णाला आम्लपित्ताची गोळी देऊन परत पाठवले जाते. तिन्ही दंशांत आवळपट्टी, चिरा देणे आणि विष चोखणे निषिद्धच आहे.

किनाऱ्यावरच्या लहान इजाही प्रश्नपत्रिकेत याव्यात असे सुचवता येईल. पाकटाच्या काट्याची वेदना असह्य असते. सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात पाय बुडवून ठेवल्यास ती कमी होते, कारण त्या विषातील प्रथिने उष्णतेने निकामी होतात. हा साधा उपाय महागड्या वेदनाशामकाच्या आधी यायला हवा. पाण्यात बुडालेल्या व्यक्तीच्या पुनरुज्जीवनात छातीदाबापूर्वी श्वास द्यायचे असतात, कारण तेथे हृदय प्राणवायूच्या अभावाने थांबलेले असते. हृदयविकाराच्या झटक्यासाठी शिकवलेला क्रम येथे जसाच्या तसा लागू होत नाही.

आयात उत्तरांची मर्यादा

परदेशी परवाना-परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांत काही ठोकताळे दिलेले असतात. श्वसनमार्ग, श्वसन व रक्ताभिसरण हा क्रम पाळा. कृतीपूर्वी आकलन करा. 'डॉक्टरांना कळवा' हा पर्याय, परिचारिकेला स्वतः काही करता येण्याजोगे असेल तर, प्रथम निवडू नका. हे ठोकताळे उपयुक्त आहेत. शेवटचा तर आपल्याकडील रुग्णालयीन संस्कृतीला चांगला धक्का देणारा आहे, कारण येथे परिचारिकेच्या शिक्षणात 'आदेशानुसार' हा शब्द फार मोठी जागा व्यापतो. तरीही हे प्रश्न एका आदर्श रुग्णालयात घडतात. तेथे औषध कपाटात असते, यंत्र चालू असते, साहाय्यक हाकेच्या अंतरावर असतो. सर्पदंशाचा प्रश्न आलाच तर तो तेथील सापांवर असतो. हे ज्ञान येथे जसेच्या तसे शिकवल्यास विद्यार्थिनी परीक्षा उत्तीर्ण होईल, मनोरीतील मच्छीमाराला मात्र त्याचा उपयोग नाही.

स्थानिक निरीक्षणातून शास्त्र घडू शकते याचे ठळक उदाहरण कोकणातच आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण ग्रामीण केंद्रात रात्र रात्र शेजारी बसून पाहिले. उलट्या, भरपूर घाम, गार पडणारे हातपाय अशा हृदयविकाराच्या पूर्वसूचक खुणांविषयीचे त्यांचे लेखन १९८२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा उपयोगही त्यांनी रूढ केला. २०२२ साली त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला. या कार्यातील परिचर्येच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा की, दंशाच्या जागी तीव्र वेदना होऊन रडणारे मूल बहुधा सुरक्षित असते. वेदना कमी, परंतु घामाने भिजलेले आणि हातपाय गार पडलेले मूल धोक्यात असते. प्रथमदर्शनी उलटी वाटणारी ही खूण प्रश्नपत्रिकेत आली पाहिजे. परदेशी प्रश्नसंचात ती सापडण्याची शक्यता नाही.

प्रश्नपत्रिका रचताना

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : आधी माहिती पक्की हवी, निर्णयाचे प्रश्न नंतर. आक्षेप अर्धा खरा आहे. मॅग्नेशियम मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते हे माहीत नसेल तर लघवीचे मोजमाप निरर्थक कवायत ठरते. परंतु 'टीपा लिहा' स्वरूपाच्या प्रश्नांची सवय माहितीला मथळ्यांखाली बंदिस्त करते. सर्पदंश या मथळ्याखाली जे आहे ते 'काळी लघवी' या खुणेने आठवले पाहिजे. रुग्ण मथळा घेऊन येत नाही.

दुसरी अडचण गुणदानाची आहे, आणि ती अधिक खरी आहे. निर्णयाच्या प्रश्नाला एकच निर्विवाद उत्तर असावे यासाठी तज्ज्ञांची सहमती लागते, प्रश्न आधी वापरून पाहावे लागतात, आणि ही यंत्रणा एका महाविद्यालयाला पेलणारी नाही. अंतर्गत मूल्यमापनात मात्र सुरुवात शक्य आहे. रक्तस्रावाच्या वरील प्रश्नाला दहा गुण असतील, तर मऊ गर्भाशय व वेगवान नाडी या खुणा नोंदवण्यास तीन, 'स्नायूंचे शैथिल्य' हे कारण प्रथम ठेवण्यास दोन, गर्भाशय चोळण्यास दोन, मूत्राशय व ऑक्सिटोसिन यांस मिळून एक, आणि पाच मिनिटांनी पुन्हा काय तपासाल याला दोन, अशी विभागणी करता येईल. पुनर्तपासणीला गुण ठेवणे आवश्यक आहे, कारण चोळल्यावर घट्ट झालेले गर्भाशय हात काढताच पुन्हा सैल पडते आणि रक्त आत साचत राहते. प्रश्नाच्या शेवटी एक ओळ वाढवावी : 'बोट येण्यास पंचवीस मिनिटे आहेत.' त्या पंचवीस मिनिटांचा क्रम विद्यार्थिनीने स्वतःच्या शब्दांत लिहावा, आणि प्रत्येक कृतीपुढे ती का केली हे एका वाक्यात नोंदवावे. कारण न लिहिलेल्या कृतीला निम्मेच गुण द्यावेत.